हर्षाच्या घराची अनामत

सत्यशीलाबाई जांभुळकर माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात चौदा पानांचा इंग्रजी कागद होता. अंगावर वनखात्याचा खाकी गणवेश होता. बूट काढायचे की नाही हे ठरत नसल्यामुळे त्या दाराबाहेरच उभ्या होत्या. आमच्या गल्लीत त्या तीन घरं सोडून राहतात, पण तोवर आमचं बोलणं जाता-येता ‘जय भीम सर’ एवढ्यापुरतंच होतं. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. कविता शिकवल्या, नाटकं शिकवली. भाडेकरार कधी शिकवला नव्हता.

“सर,” त्या म्हणाल्या, “पोरीनं इंग्लंडात घर भाड्यानं घेतलं. यात तिले कुठी फसवलं आहे ते वाचून सांगा.”

कुठंच फसवलेलं नसेल ही शक्यता त्यांच्या मनात आलेलीच नव्हती.

सत्यशीलाबाई भित्र्या आहेत. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, त्या स्वतःच तसं सांगतात. त्यांचे यजमान हरिदास वनरक्षक होते. छत्तिसाव्या वर्षी ड्यूटीवर असतानाच छातीत कळ आली आणि गेले. तेव्हा हर्षा, त्यांची एकुलती मुलगी, आठ वर्षांची होती. दोनेक वर्षं कागदपत्रांत गेली आणि मग यजमानांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर बाईंना नोकरी लागली. ज्या जंगलानं नवरा नेला असं त्यांची सासू म्हणायची, त्याच जंगलात त्या रोज सकाळी गस्तीला जाऊ लागल्या. वाघाची भीती होतीच. त्याशिवाय साहेबांची भीती, बँकेतल्या खिडकीमागच्या माणसाची भीती, अनोळखी नंबरची भीती. फोन वाजला की आधी त्यांच्या हाताचे तळवे गार पडत, मग त्या फोन उचलत.

पण याच भीतीनं त्यांना कामात चोख केलं होतं. आमच्याकडे वाघानं गाय मारली की वनरक्षकानं जाऊन पंचनामा करायचा असतो, त्यावर मालकाची भरपाई ठरते. बाई कुणालाही गायीला हात लावू देत नसत. आधी चारी बाजूंनी फोटो, मग ठशांचे फोटो, मग दोन साक्षीदारांच्या सह्या. वर कुणी काही विचारलं तर आपल्याला उत्तर देता येणार नाही, या धास्तीनं त्या सगळं दोनदा लिहीत. त्यांचा एकही पंचनामा परत आला नाही असं ऑफिसातले लोक सांगतात.

हर्षा हुशार निघाली. नागपूरला शिकली आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लीड्स नावाच्या शहरात पाण्याच्या शुद्धीकरणाचा अभ्यास करायला गेली. जाण्याआधीच घराचा प्रश्न आला. इंटरनेटवर एक छान घर दिसलं. मालक म्हणाला, मी सध्या देशाबाहेर आहे, अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं पाठवा, चावी कुरिअरनं येईल. हर्षा पाठवायला निघाली होती. बाईंनी दोन दिवस जेवण सोडलं. ज्या माणसाला कुणी पाहिलं नाही आणि जे घर कुणी पाहिलं नाही त्याला पैसे जायचे नाहीत, एवढंच त्या म्हणत राहिल्या. मायलेकींचं मोठं भांडण झालं. पुढं आठवड्याभरानं त्याच घराचे तेच फोटो हर्षाला दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत दिसले, वेगळ्या पत्त्यासह. तिनं ते आईला सांगितलं, पण माफी मागितली नाही. बाईंनाही ती नको होती. त्यांना फक्त झोप लागली.

लीड्सला पोचल्यावर हर्षा दहा दिवस स्वस्तातल्या हॉस्टेलात राहिली आणि तिथून घरं पाहत फिरली. ब्लेसिंग नावाची नायजेरियाची मुलगी तिच्याच वर्गात होती. दोघींनी मिळून एका दुकानाच्या वरचं दोन खोल्यांचं घर पसंत केलं. मालक रोख अनामत मागत होता. बाईंनी फोनवरून सांगितलं की रोख द्यायची नाही, बँकेतूनच द्यायची. त्या चौदा पानांच्या कराराची प्रत त्यांनी मागवून घेतली आणि ती घेऊन त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

मी दोन दिवस मागितले. करार वाचला, मग इंग्लंडच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन नियमही वाचले. माझ्या लक्षात आलं ते असं. त्या देशात मालकाला अशा घराची अनामत आपल्या खिशात ठेवता येत नाही. ती हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते आणि कुठल्या योजनेत ठेवली ते भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. अशा तीन योजना आहेत. घर सोडताना पैशांवरून वाद झाला तर ती योजनाच विनामूल्य निवाडा करते, आणि नुकसान झालं हे मालकानं सिद्ध करायचं असतं. अनामतीलाही मर्यादा आहे, साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याची.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आन् नाई ठेवली तं?”

मी म्हणालो, मग कायदा त्याला दंड करतो.

“पण ते कायद्याले कोनं सांगाचं?”

भाडेकरूनं, असं मी म्हणालो.  बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

घराची चावी मिळाली त्या दिवशी बाईंनी रजा टाकली. हर्षाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि दीड तास ते घर पाहिलं. प्रत्येक भिंत, नळाखालची लाकडी पेटी, गादीची खालची बाजू, कपाट सरकवून त्यामागची भिंत. कपाटामागं खालच्या कोपऱ्यात ताटाएवढा ओलसर काळपट डाग होता. बाईंनी त्याचे तीन बाजूंनी फोटो काढायला लावले. एकतीस बाबी वहीत लिहिल्या. हर्षा वैतागली होती. “आई, ही गाय नाई मेलेली,” असं ती म्हणाली. तरी तिनं यादी इंग्रजीत केली आणि फोटोंसकट मालकाला ईमेल केली. ‘धन्यवाद, नोंद घेतली’ असं त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. ते उत्तर बाईंनी माझ्याकडून छापून घेतलं.

तीस दिवस झाले. अनामतीचा कागद आला नाही.

हर्षानं विचारलं तेव्हा मालक म्हणाला, पाठवतो. पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं तिलाच विचारलं की तुझा माझ्यावर विश्वास नाही का. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. परका देश, नवी जागा, परीक्षा तोंडावर, आणि दुसरं घर मिळायची खात्री नाही. बाई मात्र रोज विचारत. शेवटी हर्षानं सांगून टाकलं की हा प्रश्न पुन्हा विचारलास तर मी फोन उचलणार नाही. तेव्हापासून बाईंनी तिला विचारणं सोडलं आणि मला विचारायला लागल्या. “सर, आज एकसष्ट दिवस झाले.”  दिवाळी गेली, नाताळ गेला.

तिकडच्या थंडीत कपाटामागचा डाग वाढत गेला. जानेवारीत तो खिडकीपर्यंत पोचला, भिंतीवर काळी बुरशी धरली. हर्षाला खोकला लागला. तिनं मालकाला कळवलं, तेव्हा तो येऊन भिंत पाहून गेला आणि म्हणाला की तुम्ही घरात कपडे वाळवता म्हणून हे झालं. रंगाचा खर्च अनामतीतून जाईल. महिनाअखेर घर रिकामं करा.

दोघी निघाल्या नाहीत, तेव्हा तो न सांगता येऊ लागला. त्याच्याकडे दुसरी चावी होती. एकदा ब्लेसिंग स्वयंपाक करत असताना मागं वळून बघते तर हा दारात उभा. एकदा हर्षा आंघोळ करून बाहेर आली तर बाहेरच्या खोलीत माणसाचा आवाज. ती पुन्हा न्हाणीघरात गेली आणि आवाज थांबेपर्यंत ओल्या केसांनी दाराला पाठ लावून बसून राहिली. खरं तर मालकानं किमान चोवीस तास आधी कळवूनच यायचं असतं. हर्षाला हे माहीत होतं. पण त्याला ते तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नाही, आणि आईला सांगायची त्याहून झाली नाही. तीन आठवड्यांनी एका रविवारी तिच्या तोंडून निघून गेलं.

त्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या त्या बसल्याच नाहीत. पदराचं टोक हातात पिळत उभ्या राहिल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांना तो दिसलाही नाही.

“सर, त्याच्यापाशी चावी आहे,” त्या म्हणाल्या.

मग काही वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या.

मी सांगितलं की विद्यापीठात विद्यार्थ्यांना सल्ला देणारं कार्यालय असतं, हर्षानं तिथं जावं. बाईंना ते पटत नव्हतं. तक्रार केली तर तो चिडेल, चिडला तर चावी त्याच्याकडेच आहे. त्यांचं म्हणणं होतं की पैसे जाऊ दे, अनामत त्याला दे, आणि पोरीनं उद्याच्या उद्या तिथून निघावं. पण निघून जायचं कुठं, हे त्यांना माहीत नव्हतं, मला नव्हतं आणि हर्षालाही नव्हतं. सल्ला कार्यालयाची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. तोवर रात्री खोलीच्या दाराला टेबल लावून दोघी एकाच खोलीत झोपू लागल्या.

तो गुरुवार यायच्या आधीच मंगळवार आला.

मार्चचा पहिला आठवडा होता. बाई आणि त्यांच्या हद्दीतले वनमजूर मुखरूभाऊ दुपारच्या गस्तीवर होते. मुखरूभाऊ पन्नाशीचे, आयुष्यभर जंगलात राबलेले, कमी बोलणारे. त्या भागात दोन बछडी असलेली वाघीण फिरत होती आणि सकाळीच नाल्यात तिचे ताजे ठसे दिसले होते. त्या जंगलात फोनला रेंज नसते. एकच जागा आहे, मालगुजारीच्या काळातल्या जुन्या मामा तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध. त्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. बाई रोज तिथं दोन मिनिटं थांबून हर्षाचा संदेश पाहत.

साडेचार वाजले होते, म्हणजे तिकडं सकाळचे अकरा. पाळीवर पाय ठेवताच फोन वाजला.

हर्षा कुजबुजत होती. मालक आला होता, सोबत आणखी एक माणूस होता. दार त्यानंच चावीनं उघडलं होतं. हर्षा आणि ब्लेसिंग स्वयंपाकघरात होत्या, ते दोघं बाहेरच्या खोलीत. त्यानं कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं की भिंतीचं नुकसान आम्ही केलं, अनामतीवर आमचा हक्क नाही आणि आम्ही आपखुशीनं घर सोडतो आहोत. सही केली नाही तर विद्यापीठाला आणि व्हिसाच्या लोकांना कळवीन, सामान आजच रस्त्यावर जाईल, असं तो म्हणत होता.

“आई, मी सही करून टाकू?”

बाईंनी नंतर मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना खरंच ‘कर’ म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात तलावाच्या पलीकडच्या काठाला चितळ ओरडलं. एकदा, मग लागोपाठ. वरच्या झाडावरची वांदरं खेकसायला लागली. चितळ असं ओरडतं तेव्हा वाघ त्याच्या नजरेत असतो. मुखरूभाऊ दोन पावलं पुढं होते ते झरकन मागं आले.

“बाई, चाला. ते पान्यावर येऊन राह्यली.”

खाली उतरलं असतं तर रेंज गेली असती. बाई हलल्या नाहीत. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मुखरूभाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्या पाठीला पाठ लावून काठी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पाळीच्या दोन्ही अंगांना झुडपं होती. उन्हात पिवळं पडलेलं गवत कमरेइतकं वाढलेलं होतं आणि त्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

“हर्षा,” बाई म्हणाल्या, “सही नको करू.”

हर्षा रडायला लागली. तो ओरडून राह्यला, मले भीती वाटते, असं ती म्हणाली.

“मलेही वाटते. आयक. तुह्या बाबाच्या मागं आपून त्या भाड्याच्या खोलीत राह्यलो होतो, आठवते? निघाच्या दिवशी त्या मालकानं माह्या समोर कोरा कागद ठेवला. म्हने, भिंतीले खिळे मारले, मोरी फोडली. काही फोडलं नोतं आपून. तू माह्या लुगड्याले धरून उभी होती. मी घाबरून सही केली. आपले सारे पैसे गेले. पैशाचं जाऊ दे. पण मी सही केली ना, ते मले अजून खाते. तू नको करू. कागद घेऊन ठेव, म्हन वाचून सांगतो. त्याच्याशी इंग्रजीत बोल, हळू बोल. त्याले इचार, अनामत कोन्त्या योजनेत ठेवली, नंबर सांग. आन् ब्लेसिंगले म्हन फोनवर व्हिडिओ सुरू कर, सारं दिसलं पाहिजे. सही...”

फोन कट झाला.

त्यांनी पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. काड्या गेल्या होत्या. चितळ ओरडायचं थांबलं होतं, म्हणजे वाघ आता त्याच्याही नजरेआड झाला होता, आणि ते बाईंना जास्त वाईट वाटलं. मुखरूभाऊंनी त्यांचा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना कधी हात लावला नव्हता. पाळीवरून दोघं उलट्या पावलांनी, तलावाकडे तोंड करून, सागाच्या रोपवनापर्यंत मागं आले. धावायचं नाही हे दोघांना माहीत होतं. वाघीण दिसली नाही. ती कुठं होती, होती की नव्हती, हे कधीच कळलं नाही.

तिथून डांबरी रस्ता चार किलोमीटर. तो चार किलोमीटरचा रस्ता कसा चालले हे आठवत नाही असं बाई म्हणतात. मुखरूभाऊंनी मला सांगितलं की बाई वाटेत दोनदा बसल्या, दोनदा उठल्या आणि सारखं एकच बोलत होत्या, मी तिले काऊन सांगतलं, मी तिले काऊन सांगतलं. पोरीला सही करू दिली असती तर तो माणूस निघून गेला असता, आता तो काय करेल, हेच त्यांच्या डोक्यात होतं. 

रस्त्यावर आल्यावर फोनमध्ये एकदम तीन संदेश पडले. पहिल्यात नुसतं ‘आई’ होतं. दुसऱ्यात ‘फोन लाव’. तिसऱ्यात ‘गेला’.

घडलं ते असं. फोन तुटल्यावर हर्षा बाहेरच्या खोलीत गेली. ब्लेसिंग मागं मोबाइल धरून उभी राहिली. हर्षानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिनं कागद मागून घेतला आणि म्हणाली की आम्ही हा सल्ला कार्यालयाला दाखवून उत्तर देऊ. मग योजनेचं नाव आणि नंबर विचारला. मालक म्हणाला, त्याचा इथं काय संबंध. हर्षानं पुन्हा विचारलं. सोबतच्या माणसानं मालकाकडे पाहिलं. तो रंगारी होता, त्याला वाद नको होता, तो आधी बाहेर पडला. मालक जाताना म्हणाला की मी पुन्हा येईन. कागद टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. हर्षाही फोनवर होती. मी तिन्ही योजनांची संकेतस्थळं उघडली. तिथं आडनाव, घराचा पिनकोड, अनामतीची रक्कम आणि तारीख भरली की अनामत जमा आहे की नाही ते दिसतं. पहिल्या ठिकाणी नोंद सापडली नाही. दुसऱ्या ठिकाणी नाही. तिसऱ्या ठिकाणी मी बाईंना जांभुळकरचं स्पेलिंग पुन्हा तपासायला लावलं, आणि तरीही नाही. मला वाटलं, आता आपली बाजू पक्की झाली, बाईंना बरं वाटेल. 

“म्हंजे तो खराच चोर आहे,” त्या म्हणाल्या. “आन् पोरगी त्याच्याच घरात आहे.”

त्यांनी हर्षाला हात जोडले. आता पुरे झालं, कागद ठेवून दे, दुसरीकडे निघून जा, असं म्हणाल्या.  मग हर्षा म्हणाली, “आई, काल तूच म्हटलं ना, सही तुले अजून खाते. मग आता मले काऊन माघार घ्याले लावून राह्यली?” ती रागावलेली नव्हती. बाई उठून माझ्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

गुरुवारी हर्षा आणि ब्लेसिंग सल्ला कार्यालयात गेल्या. तिथं एक वयस्कर सल्लागार होत्या. त्यांनी करार पाहिला, बँकेतून पैसे गेल्याची नोंद पाहिली, ब्लेसिंगच्या मोबाइलमधला व्हिडिओ पाहिला, आणि शेवटी ती एकतीस बाबींची यादी आणि मालकाचं उत्तर पाहिलं. सप्टेंबरच्या फोटोतला कपाटामागचा डाग त्यांनी मोठा करून पाहिला. ही यादी कुणी केली, असं त्यांनी विचारलं. माझ्या आईनं, असं हर्षा म्हणाली, आणि आई काय करते ते सांगताना तिला एकदम रडू आलं.

कार्यालयानं मालकाला पत्र लिहिलं. अनामत मुदतीत सुरक्षित केली नाही म्हणून भाडेकरू कोर्टात गेल्यास अनामत परत मिळतेच, वर तिच्या एकपट ते तिप्पट दंडही बसू शकतो. न कळवता घरात येणं आणि धमकावून बाहेर काढणं हाही गुन्हा ठरू शकतो, असं त्यात होतं. पत्र गेल्यानंतरचे अकरा दिवस बाईंनी जे काढले ते मी पाहिले आहेत. त्या ड्यूटीला जात, येत, माझ्या ओट्यावर फोन मांडीवर ठेवून बसून राहत. कुत्रं भुंकलं तरी दचकत. बाराव्या दिवशी मालकाचं उत्तर आलं. गैरसमज झाला, असं त्यात लिहिलं होतं. दोघी एप्रिलमध्ये घर सोडून गेल्या तरी चालेल आणि त्याच दिवशी पूर्ण अनामत परत करू.

त्यानं ती केली. एक पौंडही कापला नाही.

ब्लेसिंगचं म्हणणं होतं की दंडासाठी कोर्टात जायचं. कायदा तिच्या बाजूनं होता. हर्षाला प्रबंध पूर्ण करायचा होता, आणि बाईंनी नको म्हटलं. शेवटी कुणीच गेलं नाही. तो माणूस त्या घरात आज दुसऱ्या कुणाला ठेवत असेल आणि त्यांचीही अनामत खिशात घालत असेल, हे बाईंना कळतं. मागं एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, “तिथी मी घाबरली सर. जायले पाह्यजे होतं.” मी म्हणालो, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही.

नवं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. अनामत दिल्यावर नवव्या दिवशी योजनेचं प्रमाणपत्र ईमेलनं आलं. बाईंनी ते माझ्याकडे छापून घेतलं आणि मग स्वतः माझ्या संगणकासमोर बसल्या. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी आडनाव भरलं, पिनकोड भरला, रक्कम भरली. पडद्यावर नोंद सापडल्याचं आलं. त्यांनी ते बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरलं. दुसऱ्यांदाही आलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या घरी चहा घेतला.

हर्षाचा अभ्यास संपला. तिला तिथंच पाण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पदवीदान समारंभाला आईनं यावं असा तिचा हट्ट आहे. गेल्या महिन्यात बाईंनी पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला पोलिस शिपाई येणार म्हणून त्या सकाळपासून दोनदा माझ्याकडे येऊन गेल्या. पोलिस काय विचारतात, काय सांगायचं, जन्मतारखेच्या दाखल्यावर शीला आहे आणि आधारवर सत्यशीला, तर पकडतील का. आयुष्यभर स्वतः लोकांचे जबाब लिहून घेतलेली ही बाई, त्या तरुण शिपायासमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. 

शिपायानं शेजारी म्हणून मला बोलावलं. यांना ओळखता का, विचारलं. मी हो म्हणालो. वागणूक कशी आहे, असं त्यानं पुढं विचारलं, रजिस्टरमध्ये लिहून घेण्यासाठी.

मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की जणू मी काय सांगतो यावर सगळं अवलंबून आहे.

“चांगली आहे,” मी म्हणालो. “लिहा.”

शिपायानं लिहिलं आणि रजिस्टर बाईंकडे सरकवलं, सही करा म्हणाला. बाईंनी चष्मा लावला. लिहिलेलं सगळं पहिल्या ओळीपासून वाचून काढलं. शिपाई घड्याळ पाहत होता. मग त्यांनी सही केली.